शारदासदनाचे दार

मुलींचे वसतिगृह म्हटले की पुष्कळांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. करड्या शिस्तीच्या रेक्टरबाई, संध्याकाळची हजेरी, फाटकावरचा पेंगणारा पहारेकरी आणि फाटकाबाहेर सायकल टेकवून उगाच घुटमळणारा कोणी तरुण! नाटक-सिनेमावाल्यांना हा सारा मालमसाला आयताच मिळालेला असतो. १९३६ साली फ्रान्समध्ये झाक देव्हाल या नाटककाराने ‘क्लब द फाम’ नावाचा चित्रपट काढला, तो याच विषयावर. पॅरिसमधले एक वसतिगृह, तेथे राहणाऱ्या नाना स्वभावांच्या तरुणी आणि पुरुषाने उंबरठा ओलांडायचा नाही हा नियम. दानियेल दारिये या अभिनेत्रीने त्यात जी नर्तकी रंगवली आहे, ती आपल्या प्रियकराला बाईच्या वेषात आत आणते आणि मग व्हायचा तो गोंधळ होतो. मात्र हसता हसता चित्रपट गंभीर होतो. बाहेरच्या जगातली फसवणूक दाराच्या फटीतून आत शिरते आणि प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उरतो : दार लावून घेतले म्हणजे आतल्या मुली सुरक्षित होतात काय? आणि त्या दाराची किल्ली असावी तरी कोणाच्या हाती?

आपल्या भागातल्या वाचकाला या प्रश्नाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यासारख्या गावातली मुलगी शिकायला निघते, तेव्हा कोणती शाखा घ्यावी हा प्रश्न नंतरचा असतो. राहायचे कोठे, कोणाबरोबर, आणि तेथे तिच्याकडे लक्ष कोण देणार, हे प्रश्न घरात आधी विचारले जातात. पुस्तक मिळण्याआधी तिला छप्पर मिळावे लागते. ही साधी गोष्ट महाराष्ट्रात ज्या बाईने फार लवकर ओळखली आणि त्या चित्रपटाच्या सत्तेचाळीस वर्षे आधी असे एक घर प्रत्यक्ष उभे केले, तिचे नाव पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपल्याला त्या विदुषी म्हणून भेटतात. या लेखात त्यांच्याकडे घर उभारणारी बाई म्हणून पाहावयाचे आहे. कारण त्यांच्या आयुष्याची पहिली तीस वर्षे पाहिली तर ज्या गोष्टीला त्या जन्मभर पारख्या होत्या, ती घर हीच होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. पुण्यात विद्यार्थिदशेत असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून संस्कृत ऐकल्याचा संस्कार शास्त्रीबुवांच्या मनावर कायमचा राहिला. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले, तेव्हा भोवतालच्या समाजाने त्यांना जाब विचारला. शास्त्रीबुवांनी धर्मग्रंथांचे आधार काढून आपली बाजू मांडली. पण वादाला कंटाळून ते बायकोला घेऊन रानात गेले आणि तेथे आश्रम बांधून राहिले. म्हणजे रमाबाईंच्या जन्माआधीच त्यांच्या आईच्या शिक्षणापायी एक घर गाव सोडून रानात गेले होते.

ते रानातले घरही टिकले नाही. आल्या-गेल्याचे आतिथ्य करता करता शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले आणि रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. त्यानंतर सारे आयुष्य धर्मशाळांत, देवळांच्या ओवऱ्यांत आणि झाडाखाली. पुराण सांगावे, मिळेल ते दान घ्यावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी. या भटकंतीतच आईने मुलीला पढवले. भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले, पण आपले म्हणावे असे अंगण तिला मिळाले नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले. त्यांच्यामागून थोरली बहीणही गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही दोघे हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका दिवसात ती देशभर प्रसिद्ध झाली; राहायला घर मात्र तेव्हाही नव्हते.

पुढची चार वर्षे पाहिली म्हणजे नियती एखाद्याच्या मागे किती हात धुऊन लागते याचे नवल वाटते. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी; त्या काळी असा विवाह म्हणजे दोन्हीकडच्या समाजाशी फारकतच. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. रमाबाईंना प्रथमच स्वतःचे घर मिळाले. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या साथीत बिपिनबाबू गेले. ते घर जेमतेम दीड वर्ष टिकले. चोविसाव्या वर्षाच्या आतच, कडेवर तान्ही मुलगी घेऊन, रमाबाई पुन्हा रस्त्यावर आल्या. आता मात्र त्या एकट्या नव्हत्या; हिंदुस्थानातल्या असंख्य विधवांपैकी त्या एक झाल्या होत्या.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांच्या व्याख्यानांना घराघरांतल्या बायका येऊ लागल्या, आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली. पण व्याख्यान ऐकून घरी जाणारी बाई पुन्हा त्याच माजघरात जात होती. जिला माजघरही उरले नव्हते, जिला सासरचे ठेवीत नव्हते आणि माहेरी ओझे मानत होते, तिला व्याख्यानाचा काय उपयोग? अशा बायकांसाठी एक घर हवे, हा विचार पुण्यातच त्यांच्या मनात पक्का झाला. पण घराला पैसा लागतो, आणि तो येथे जमला नाही.

१८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात या बातमीने मोठी खळबळ उडाली आणि ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांपैकी पुष्कळांनी पाठ फिरवली. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रमाबाईंनी धर्म बदलला, म्हणून आपली बुद्धी गहाण टाकली नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे हे काही बिशपांना रुचले नाही, तेव्हा त्यांनी त्या बंधनाला हरकत घेतली. ख्रिस्ती मतांतल्याही ज्या गोष्टी पटत नव्हत्या त्यांवर त्या आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घालीत राहिल्या. मायदेशीचे शास्त्री असोत की विलायतेचे बिशप, आपल्या आयुष्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला लटकू द्यायची नाही, हा या बाईचा बाणा होता.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि ते पाहायला त्यांची ही दूरची आप्त समोर बसली होती. समारंभ आटोपून परतायचे, असा मूळ बेत. पण रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, मराठी क्रमिक पुस्तकांची तयारी केली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. विधवांसाठी काढायच्या घराला दहा वर्षे मदत करण्याचे तिने मान्य केले. घरात धर्मप्रसार होणार नाही, प्रत्येकीला आपापला आचार पाळण्याची मोकळीक राहील, अशी अट ठरली.

आणि ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आनंदीबाई तोवर या जगात नव्हत्या.

पहिल्या मुलींत एक होत्या देवरुखच्या गोदूबाई जोशी. बालपणीच वैधव्य आलेल्या, विशीही उलटून गेलेल्या. या घरात येऊन त्यांनी काय शिकावे? अक्षरे, हिशेब, इंग्रजी. पण त्याहून आधी, आपल्याला पुढे काही करायचे आहे ही कल्पनाच त्यांना प्रथम येथे भेटली. ज्या घरांत विधवेने सकाळी समोर येऊ नये, अशा घरांतून या मुली येत. येथे त्यांना नावाने हाक मारणारे कोणी होते, बरोबरीने जेवायला बसणाऱ्या मैत्रिणी होत्या, पुस्तके होती. सोवळेओवळे पाळणाऱ्या मुलींना आपला स्वयंपाक वेगळा ठेवता येई. मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास आले. पुण्यात सुधारकांची वस्ती होती, तशीच टीकाकारांचीही. रानडे, भांडारकर यांच्यासारखी वजनदार मंडळी सल्लागार म्हणून संस्थेच्या पाठीशी उभी होती, म्हणून तर आईबाप आपल्या मुली तेथे पाठवायला धजत.

वादाला तोंड फुटले ते एका उघड्या दारावरून. रमाबाई स्वतः रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार लावलेले नसे. कुतूहलाने म्हणा, प्रेमाने म्हणा, काही मुली आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही आणि कोणाला हाकललेही नाही. ‘केसरी’ने या संस्थेवर सतत टीका चालवली : शिक्षणाच्या नावाखाली हे धर्मांतराचे सापळे आहेत. सल्लागारांची स्थिती अवघड झाली. पालकांना त्यांनी शब्द दिला होता. रमाबाईंनी निदान दार लावून प्रार्थना करावी, मुलींना आत येऊ देऊ नये, एवढी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, आई आपल्या घरात मुलांना खोलीत येऊ नका म्हणत नाही; दुसरी मुलगी गीता वाचते तिला मी अडवीत नाही, तर माझ्या प्रार्थनेला पडदा का?

या वादात एक बाजू पूर्ण खरी आणि दुसरी पूर्ण खोटी, असे आज ठरवणे सोपे वाटेल, पण न्याय्य होणार नाही. बारा-पंधरा वर्षांची निराधार मुलगी जिच्या आश्रयाला आहे, जिच्यावर तिची माया जडली आहे, तिच्या श्रद्धेचा परिणाम तिच्यावर झाल्यावाचून राहत नाही. त्यासाठी उपदेश करावा लागत नाही. पालकांची भीती निराधार नव्हती. पुढच्या काळात सदनातल्या काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. मुलींच्या मनाची एवढी काळजी ज्यांना लागली होती त्यांतल्या बहुतेकांनी त्या मुलींसाठी तोवर एक खोलीदेखील बांधली नव्हती. वाद धर्माचा होता, तसाच तो घराच्या मालकीचाही होता. या घरात काय चालावे हे बाहेरच्या पुरुषांनी ठरवायचे, आत राहणाऱ्या बाईने ठरवायचे, की तेथे राहणाऱ्या मुलींनी? मुलींना मात्र कोणी विचारल्याचे दिसत नाही.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला. सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. त्या मुलींपैकी कितीजणींची पाटी त्या दिवशी कायमची फुटली, कोणास ठाऊक! रमाबाईंनी दार लावले नाही. तत्त्व म्हणून ते थोर असेल. पण त्याची किंमत त्यांच्याबरोबर त्या पंचवीस जणींनीही मोजली, हे त्यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

त्याच वर्षी, या वादळाच्या ऐन भरात, शारदासदनाने महाराष्ट्राला एक वेगळेच फळ दिले. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या चौथ्या वाढदिवशी, गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला. वर होते फर्ग्युसन महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सर्वांच्या ‘बाया’. अण्णासाहेबांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. १९१६ साली त्यांतूनच महिला विद्यापीठ उभे राहिले. १९०९ मध्ये रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. या तरुण मुलगी असताना पंडिता रमाबाईंची व्याख्याने ऐकत असत. म्हणजे ज्यांनी शारदासदनातून मुली काढल्या त्या समाजालाही अखेर तशीच घरे बांधावी लागली. टीकेचे उत्तर अशा रीतीने टीकाकारांच्या अंगणातच उगवले.

रमाबाई मात्र पुण्यात फार काळ राहिल्या नाहीत. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले होते. फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे हा हेतू. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. ज्या उपासमारीने आपले आईवडील नेले तीच पुन्हा डोळ्यांपुढे पाहून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका बरोबर आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर चालला होता. एवढ्या माणसांना शहरात ठेवू देईनात. तेव्हा हे सारे लेंढार केडगावच्या माळावर उतरले. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. या वस्तीचे नाव मुक्तिसदन. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तेथे दीड हजारांवर माणसे राहत होती आणि शंभरावर गुरे होती. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली. शेती, दुधदुभते, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे बायकाच करीत. शारदासदनात निवडक उच्चवर्णीय विधवा होत्या. मुक्तिसदनात जात विचारून कोणाला घेतले जात नव्हते. मात्र ही वस्ती उघडपणे ख्रिस्ती होती. निःपक्षपातीपणाचा दहा वर्षांचा करार संपला होता आणि रमाबाईंनी तो पुन्हा केला नाही. जो प्रश्न १८९३ मध्ये अर्धवट राहिला होता, त्याचे उत्तर त्यांनी आपल्यापुरते असे दिले.

अखेरची अनेक वर्षे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते छापण्याचे काम त्यांच्याच छापखान्यात मुलींनी केले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. सिलचरच्या त्या पहिल्या घरातून बरोबर आलेली एवढी एकच ठेव त्यांच्याजवळ होती. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगावला देह ठेवला. आयुष्याची पहिली तीस वर्षे जिला छप्पर नव्हते, ती शेकडो जणींच्या घरात वारली.

रमाबाईंचे धर्मविचार आपल्याला पटोत वा न पटोत. त्यांच्याशी वाद घालण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, कारण त्या स्वतः कोणाशीही वाद घालायला भीत नसत. पण त्यांनी जे प्रथम ओळखले ते पुन्हा तपासून पाहण्याची गरज उरलेली नाही. शिक्षणाचा कायदा होईल, फी माफ होईल, महाविद्यालय तालुक्याला येईल. तरी मार्गासनीच्या पलीकडल्या वाडीतल्या मुलीला शहरात चार मैत्रिणींबरोबर निर्धास्त झोपता येईल अशी खोली नसेल, तर तिचे नाव बारावीच्या पुढे हजेरीपटावर दिसणार नाही. आणि अशी खोली बांधली म्हणजेही काम संपत नाही. तिचे दार केव्हा उघडायचे आणि केव्हा लावायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या खोलीत राहणारी मुलगी बसलेली आहे की नाही, हे पाहावे लागते. १८९३ साली ती तेथे नव्हती. आपल्या वसतिगृहांच्या समित्यांवर ती आज आहे काय, हे आपण विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी आपल्यापुरते बघावे.